खुंटीवर राहिलेला कोट

शनिवार, बावीस नोव्हेंबर. सकाळी साडेदहा. औषधशास्त्र विभागातली ग्रंथालयाची खोली. राव सरांची शोकसभा. हजर : विभागप्रमुख, सरांचे धाकटे भाऊ, वॉर्डातल्या दोन सिस्टर, फार्मसीत कॅप्सूल भरणारे गृहस्थ, सरांचे नऊ विद्यार्थी (पैकी दोन उशिरा), अग्रहार पेठेतले शिंपी महादेवप्पा आणि मी. सरांचा फोटो टेबलावर पुस्तकांना टेकवून ठेवला होता. हार फोटोपेक्षा मोठा निघाला, म्हणून तो शेजारी ठेवावा लागला.

विभागातल्या नोंदी मी ठेवते, पण ही हजेरी घ्यायला मला कुणी सांगितलं नव्हतं. चार माणसं जमली की माझा हात आपोआप वहीकडे जातो. सर म्हणायचे, "अनघाबाई, तुम्ही वर गेलात ना, की दारात बसलेल्याच्या हातातलं रजिस्टर काढून घ्याल आणि म्हणाल, रकाने चुकलेत. अल्वा?" अल्वा म्हणजे 'नाही का'. त्यांचं निम्मं बोलणं अल्वावर संपायचं.

विद्यार्थी बोलले, विभागप्रमुख बोलले. मग महादेवप्पा उठले. हात जोडून कन्नडमध्ये एवढंच म्हणाले, "माझी मुलगी चमच्यानं जेवू शकत नव्हती. सरांच्या गोळीनं ती उठली. आमच्या घरात सर देवाच्या फळीवर आहेत." सिस्टरनी डोळे पुसले. सगळ्यांनी माना हलवल्या.

महादेवप्पांच्या मुलीला सरांची गोळी मिळालीच नव्हती. त्या खोलीत हे माहीत असलेली मी एकटीच होते. ते त्या घरी जाऊन सांगायचं काम सरांचं होतं. त्यांच्या हातून ते राहिलं आणि आता ते माझ्या यादीत आलं आहे. इथे त्या कुटुंबाची नावं मी बदलली आहेत. शिवाय त्यांना मराठी वाचता येत नाही. म्हणजे हे लिहिणंही एक पळवाटच झाली, हे मला कळतं.

तर राव सर. पूर्ण नाव डॉक्टर नागोजीराव, पण म्हैसुरात आमच्या मराठी लोकांचं शेवटी 'राव' तेवढं उरतं. पूर्वज जुन्या सैन्यातले. "आजोबांचे आजोबा घोड्यावरून आले, मी सिटी बसनं फिरतो. प्रगती म्हणतात ती हीच," असं ते सांगायचे. घर नजरबादला. घरात मराठी बोलत, पण ती अशी, की मी मिरजेहून लग्न होऊन नवीन आले तेव्हा पहिल्या दिवशी मला त्यातलं निम्मंच कळलं. "बन्नि बाई, कूतकोळ्ळि, पंखा लावू की बेडा?" बसा म्हणतायत हे न कळून मी उभीच राहिले. मग ते स्वतःच हसले. "माझी मराठी ऐकून तुम्हाला भातात खडा लागल्यासारखं होतंय ना? परवागिल्ला, हरकत नाही. चावत राहा, सवय होईल." सवय झाली. आता माझ्याच बोलण्यात 'स्वल्प' येतं आणि मिरजेची बहीण हसते.

मूर्ती ठेंगणी, चाल घाईची, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा कोट. कोटाचा उजवा खिसा कायम उसवलेला. त्या खिशात ते स्टीलचा पेला आणि त्याची खोलगट वाटी घेऊन फिरत, म्हैसुरात ज्यातून कॉफी पितात ती जोडी. ती का, ते पुढे येईलच.

लोकांना वाटे, सर जुन्या औषधाच्या मागे लागलेत, म्हणजे त्यांना जुन्याची आवड असणार. तसं काही नव्हतं. दर दसऱ्याच्या प्रदर्शनातून ते एखादं नवं यंत्र घरी आणत. नारळ खवण्याचं, लसूण सोलण्याचं, एकदा तर डोशाला आपोआप तेल लावणारं. त्यातलं एकही महिनाभर चाललं नाही. जुनं औषध त्यांनी निवडलं ते वेगळ्या कारणासाठी. "जुन्या गोळीचे सगळे अवगुण आधीच ठाऊक असतात, अनघाबाई. नव्या गोळीचे आपल्याला रुग्णाकडून शिकावे लागतात."

ही गोळी म्हणजे मिनोसायक्लिन. एक जुनं अँटिबायोटिक, एरवी मुरुमांवर वगैरे देतात ते. आणि इथेच सरांची पंचाईत होती, कारण उभा जन्म हा माणूस अँटिबायोटिकच्या गैरवापराविरुद्ध ओरडण्यात घालवून बसला होता. कुवेंपुनगरात आमच्या घराजवळच्या औषधाच्या दुकानात मी त्यांना स्वतः पाहिलं आहे. पुढच्या माणसानं काउंटरवर गोळीचं नाव सांगितलं. सरांनी मागून त्याच्या खांद्यावर बोट ठेवलं.

"काय होतंय?"

"सर्दी आहे, सर. ताप स्वल्प."

"नाक वाहतंय? पाण्यासारखं? मग ही गोळी कशाला? ही जंतूंना मारते. तुमच्या नाकात व्हायरस आहे. त्याला ही दिसतसुद्धा नाही. तुम्ही डास मारायला वाघाचा पिंजरा घेऊन निघालात!"

तो माणूस गोळी न घेता गेला. दुकानदार माझ्याकडे बघून केविलवाणं म्हणाला, "मॅडम, सरांना सांगा ना, आठवड्यातले तीन दिवस दुसऱ्या दुकानात उभे राहत जा म्हणावं."

असा माणूस एके दिवशी नीतिसमितीपुढे अर्ज घेऊन उभा राहिला, की विषाणूच्या मेंदूज्वरानंतर रुग्णांना अँटिबायोटिक देऊन पाहायचं आहे. समितीतले एक जुने सर्जन खुर्चीत मागे रेलले. "राव, तीस वर्षं तुम्ही आमचे कान किटवलेत. व्हायरसवर अँटिबायोटिक नको, नको, नको. आता काय झालं?"

"अजूनही नकोच," सर म्हणाले. "मी ते व्हायरसला देतच नाहीये. मेंदूला देतोय."

मग त्यांनी जे सांगितलं तेच पुढे प्रत्येक कुटुंबाला, प्रत्येक वेळी नव्यानं सुचल्यासारखं सांगितलं. बाजारात चोर शिरला. पोलीस आले, लाठ्या चालवायला लागले. चोर पळून गेला, तरी लाठ्या चालूच आहेत. आता मार कोण खातंय? भाजीवाले, फुलवाले. मेंदूत तसंच होतं. विषाणू जातो, ताप उतरतो, पण मेंदूतल्या पहारेकरी पेशी चवताळलेल्याच राहतात आणि चांगल्या पेशींचं नुकसान करतात. ताप जातो पण हात कापतो, शब्द सापडत नाहीत, आंघोळ झाली की नाही ते आठवत नाही. "ही गोळी चोराला धरत नाही. ती पोलिसांना म्हणते, साकु, पुरे झालं, बसा, कॉफी घ्या. निदान म्हणत असेल असं मला वाटतं. उंदरांमध्ये म्हणते, ते दुसऱ्यांनी पाहिलंय. मी शोध काही लावलेला नाही. माणसात म्हणते का, एवढंच विचारतोय."

मंजुरी मिळाली. अटी कडक होत्या आणि सरांनी त्या आणखी कडक केल्या. बारा वर्षांखालचं कुणी नाही, कारण या जातीच्या गोळ्यांनी लहान मुलांच्या येणाऱ्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात. एका सहा वर्षांच्या मुलाचा बाप अक्षरशः भांडला, दात काय करायचेत म्हणाला. सर त्याच्यासमोर अर्धा तास उभे राहिले, शिव्या ऐकल्या आणि नाहीच म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. डबा मला परत दिला. "गोळी उपयोगी आहे हे मला माहीत असतं तर दात गेले खड्ड्यात. पण माहीत नाही ना."

अभ्यासाची रीत थोडक्यात सांगते, कारण सगळं तिच्यावरच उभं आहे. नेहमीचे उपचार सगळ्यांना सारखेच. त्यावर निम्म्यांना खरी कॅप्सूल, निम्म्यांना तशीच दिसणारी पण आत मक्याचं पीठ असलेली. कुणाला कोणती, ते रुग्णाला माहीत नाही, डॉक्टरांना नाही, सरांना नाही, मलाही नाही. ती यादी मोहोरबंद पाकिटात तिसऱ्याच माणसाच्या कपाटात. माझ्याकडे फक्त नंबर आणि नावं. हे सगळं घरच्यांना समजावून सही घेताना सर कागदावर नसलेलं एक वाक्य स्वतःचं जोडत : "शेवटी पाकीट फुटेल. तेव्हा तुम्हाला काय मिळालं होतं, ते मी स्वतः तुमच्या घरी येऊन सांगीन."

मी म्हटलं, "सर, पत्र पाठवता येईल की."

"पत्रात माणूस प्रश्न विचारू शकतो का? बेडा, पत्र नको. मी जाणार."

मग मी यादीत आणखी एक रकाना आखला. शीर्षक : 'घरी जाऊन सांगितले.' प्रत्येक नंबरपुढे एक रिकामी चौकट.

सतरा नंबर म्हणजे चैत्रा. तेव्हा चौदा वर्षांची, महादेवप्पांची एकुलती एक. ताप, झटके, आठवडाभर बेशुद्ध. डोळे उघडले तेव्हा तिनं आईला ओळखलं, पण 'अम्मा' म्हणायला तिला खूप वेळ लागला. उजवा हात असा कापे की पाण्याचा पेला ओठांऐवजी गालाला लागे. तिची आई गौरम्मा फारसं बोलत नसे. पलंगाच्या पायाशी उभी राहून सिस्टर काय करतात ते टक लावून बघायची.

आता त्या खिशातल्या जोडीबद्दल. रुग्णांच्या तपासण्या मेंदूविकाराचे डॉक्टर करत. नाकाला बोट लावा, रेषेवरून चाला, शंभरातून सात वजा करा. ते सगळं फॉर्मवर येई. ते संपलं की सर खिशातून पेला आणि वाटी काढत, कँटीनमधून कॉफी मागवत आणि रुग्णाला म्हणत, "आता खरी परीक्षा. ह्यातून त्यात, त्यातून ह्यात. म्हैसूरचा माणूस कॉफी ओतू शकला नाही तर तो बरा झाला असं मी कसं म्हणू?" ही परीक्षा कुठल्याही फॉर्मवर नव्हती. तिचे गुण धरता येणार नाहीत, असं मी दोनदा लेखी कळवलं. "नका धरू. मी माझ्यासाठी बघतोय."

तीन महिन्यांनी चैत्रा आली तेव्हा तिनं पेला उचलला आणि निम्मी कॉफी टेबलावर, उरलेली बहुतेक तिच्या फ्रॉकवर गेली. महादेवप्पांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. सरांनी वाटीत उरलेली घोटभर कॉफी पिऊन टाकली. "चांगली आहे. पण मला पूर्ण पाहिजे. पुढच्या वेळी मी उपाशी येणार, हां."

त्या दिवशी गौरम्मा पहिल्यांदा आपणहून माझ्याशी बोलली. पेला आणि वाटी किती मापाची आहे, ते विचारलं. मी मोजून सांगितलं. मला वाटलं, विकत घ्यायची असेल.

पुढच्या तपासणीला थेंबभर सांडली. वर्ष झालं तेव्हा चैत्रानं पेला हातभर उंच धरला आणि खाली बारीक धार सोडली. फेस आला, टेबल कोरडं. सर उभे राहिले आणि त्यांनी टाळी वाजवली. मग, जे त्यांनी कधीही करायला नको होतं, ते केलं. माझ्या हातातली यादी ओढली आणि सतरा नंबरपुढे पेन्सिलीनं लिहिलं : 'औषध. नक्की.' खाली दोन रेघा.

"सर, हे नियमात बसत नाही."

"पेन्सिल आहे."

"मग खाली सही करा आणि तारीख घाला."

त्यांनी निमूटपणे सही केली.

गेल्या वर्षी मार्चमध्ये पाकीट फुटलं. दुपारची वेळ, याच ग्रंथालयाच्या खोलीत. तिसऱ्या माणसानं नंबर आणि त्यापुढे एकेक शब्द वाचायला सुरुवात केली. मी लिहीत होते. सतराला तो म्हणाला, "रिकामी."

सर म्हणाले, "पुन्हा वाचा."

"सतरा. रिकामी."

सगळे नंबर वाचून संपले. मग सर म्हणाले, "मक्याचं पीठ." आणि हसले. त्या हसण्यात कडूपणा नव्हता. जादूगारानं आपल्याच खिशातून आपलं घड्याळ काढून दाखवलं की माणूस हसतो, तसं ते हसणं होतं. मी रबर पुढे केला. "खोडू नका. मी किती सहज फसतो, ते राहू दे कागदावर."

अभ्यासाचा निकाल म्हणाल तर तो कोड्यातच राहिला. एका पानावर मावतील एवढी माणसं, त्यातून काही छातीठोक सांगता येत नव्हतं. एक विद्यार्थी म्हणाला, "सर, आकडे औषधाच्या बाजूला झुकलेले दिसतात." सर म्हणाले, "झुकलेलं झाड पडलं, असं आपण लिहितो का? आणखी माणसं पाहिजेत. तेवढंच लिही." तेवढंच लिहिलं गेलं. या कामासाठीच ते निवृत्तीनंतर मानद म्हणून येत राहिले होते. त्या अहवालावर त्यांनी सही केली आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "आता घरं."

दर गुरुवारी आम्ही निघत असू. माझी स्कूटर, मागे सर, डोक्यावर हेल्मेट, मांडीवर फाईल. मागे बसून ते रस्त्यातला प्रत्येक खड्डा मला आधी सांगत आणि मग मी त्यातूनच का गेले ते विचारत. नंजनगूडकडच्या एका शेतकऱ्याला रिकामी कॅप्सूल होती आणि तो ठणठणीत झाला होता.  ते ऐकून तो म्हणाला, "म्हणजे मी असाच बरा झालो? माझा मीच?" सरांनी त्याची पाठ थोपटली. "हौदु, हो! तुमचे तुम्ही!" त्यानं बायकोला हाक मारून ते पुन्हा सांगायला लावलं. एका आजींना खरं औषध मिळालं होतं, पण त्यांचा हात तसाच होता. "मग तुमच्या गोळीचा उपयोग काय रे, डॉक्टरा?" त्यांनी विचारलं. "अजून कळलं नाही, आज्जी," सर म्हणाले. आजींनी त्यांच्याकडे दयेनं पाहिलं आणि दोन केळी दिली. दोन घरी माणसं चिडली. एकानं दार लावून घेतलं, तर सरांनी दाराबाहेरून सांगितलं. यादीत एकेक खूण होत गेली. श्रावणापर्यंत एकच चौकट उरली.

मी ते घर आधीच घेतलं असतं. अग्रहार जवळ, जाऊन यायला तासभर. पण सर दर गुरुवारी म्हणत, "ते शेवटी. ते तर आपल्या हाकेवर आहे."

मध्यंतरी एक गोष्ट घडली, म्हणून ते टळेना. महादेवप्पांच्या दुकानाशेजारच्या फुलवाल्याला ताप आला. साधा विषाणूचा ताप होता. महादेवप्पांनी त्याला कागदावर गोळीचं नाव लिहून दिलं. "माझी मुलगी हिनंच उठली. तुम्हीही घ्या." त्यानं कुठून तरी मिळवली आणि घेतली, चक्कर येऊन पडला आणि वॉर्डात आला. दोन दिवसांत घरी गेला, पण सरांना ते कळलं. वॉर्डातून आले ते सरळ माझ्या टेबलाशी.

"तीस वर्षं मी दुकानात उभा राहून लोकांना अडवलं. आता माझ्याच नावानं वाटप चाललंय." ते खाली बसले. "आणि पोरगी फार्मसीला गेलीय. का? तर सरांची गोळी. उद्या काउंटरमागे उभी राहील आणि मनापासून हेच सांगेल. खोटंसुद्धा नसेल तिच्या दृष्टीनं."

"सर, मग या गुरुवारी."

"हं." थोड्या वेळानं म्हणाले, "तुम्हाला माहीत आहे, गौरम्मा काय करत होती? मला त्या पोरीनंच सांगितलं होतं. आईनं तसलाच पेला-वाटी आणून रोज सकाळ-संध्याकाळ पाणी ओतून घेतलं. वर्षभर. माझ्या कॉफीच्या परीक्षेत नापास होऊ नये म्हणून. मी ते तेव्हा हसण्यावारी नेलं, कारण मला माझी कॅप्सूल दिसत होती." मग बोट टेबलावर आपटून म्हणाले, "तिला आईनं उठवलं, सिस्टरनी उठवलं, तिची ती उठली. माझ्या डबीत मक्याचं पीठ होतं, अनघाबाई. त्या बाईचं श्रेय मी घेऊन बसलोय. ते परत करायला नको?"

जायला निमित्त हवं होतं. उसवलेला खिसा होताच. पहिल्या गुरुवारी कोट शिवायला टाकला. सर आत बसले, दसऱ्याच्या गर्दीबद्दल बोलले, सुती कापडाच्या दर्जाबद्दल बोलले, आणि उठले. दुसऱ्या गुरुवारी कोट आणायला गेलो. महादेवप्पांनी आतून दुहेरी कापड लावून असा खिसा केला होता, की त्यात दगड ठेवला असता तरी चालला असता. सरांनी कौतुक केलं, बाही स्वल्प लांब वाटते म्हणाले, आणि कोट तिथेच ठेवून आले. ती बाही त्यांनी बारा वर्षं तशीच घातली होती.  मी फक्त दर फेरीला यादीतल्या चौकटीत एक बारीक ठिपका ठेवत गेले.

तिसऱ्या गुरुवारी ते वाटेतच म्हणाले, "आज आयतु." म्हणजे आज झालंच. दुकानामागे दोन खोल्यांचं घर आहे. देवाच्या फळीवर सरांचा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो आणि त्याच्यापुढे कॅप्सूलची रिकामी डबी, कुंकवाचं बोट लावलेली. सर त्या डबीकडे पाहत बसले. मग गौरम्माकडे वळले.

"गौरम्मा, तुम्ही तिच्याकडून रोज किती वेळ करून घेत होता? ते पाणी ओतणं?"

"दोन वेळा, सर. अर्धा-अर्धा तास." ती लाजली. "पण ते काय, माझ्या मनाच्या समाधानाला. काम गोळीचं."

सरांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता. त्यांनी "नाही, गौरम्मा" एवढं म्हटलंही. तेवढ्यात चैत्रा कॉलेजातून आली, अंगावर वडिलांनी शिवलेला पांढरा ॲप्रन. पुस्तकं ठेवली, हात धुतले, आणि कुणी न सांगता पेला आणि वाटी घेऊन सरांच्या समोर बसली. "परीक्षा, सर?" तिनं धार सोडली. हातभर. खाली एक थेंब नाही. पेला त्यांच्या हातात देऊन म्हणाली, "मी वर्गात सगळ्यांना सांगितलंय, माझ्यावर प्रयोग झालाय म्हणून. मुली मला व्हीआयपी म्हणतात."

सरांनी कॉफी घेतली. सावकाश घेतली. मग उठले. बाहेर दुकानात महादेवप्पांनी घडी केलेला कोट पिशवीत घालून पुढे केला. सरांनी कोट बाहेर काढला, खिशाचं बटण दोन बोटांत धरून ओढलं आणि म्हणाले, "हे जरा सैल आहे. घट्ट करून ठेवा." महादेवप्पांनी बटण पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि कोट परत खुंटीला लावला.

स्कूटर सावलीत होती. सरांनी हेल्मेट चढवलं, पट्टा लावला आणि काच खाली ओढली, पार हनुवटीपर्यंत. एरवी गुदमरतं म्हणून ते काच कधी खाली घेत नसत. नजरबादला घराशी उतरेपर्यंत ती तशीच होती. एकही खड्डा सांगितला नाही. फाटकातून आत जाताना काचेतूनच म्हणाले, "पुढच्या गुरुवारी." मी पाहिलेले सर ते शेवटचे. रविवारी सकाळी हृदय थांबलं, असं भावानं कळवलं. दसरा नुकताच होऊन गेला होता. त्या वर्षीचं यंत्र खोक्यातच होतं.

शोकसभा संपल्यावर महादेवप्पा माझ्याकडे आले. "मॅडम, सरांचा कोट तयार आहे. कधी येताय?"

"गुरुवारी," मी म्हणाले.

गेले. सोबत काय काय न्यायचं ते लिहून काढलं होतं. सरांच्या सहीचं संमतिपत्र, पाकिटातल्या यादीची प्रत, त्यांचं पेन्सिलीतलं 'नक्की'. बोलायची वाक्यंही कन्नडमध्ये लिहून पाठ केली होती, एकूण सहा. पहिलं वाक्य गौरम्माबद्दल होतं. डबीपुढे दिवा लावलेला होता. चैत्रानं कॉफी ओतून दिली. सरांच्या ठिकाणी आता मी बसले होते, आणि तिनं विचारलं, "मॅडम, परीक्षा आता तुम्ही घेणार ना?" मी हो म्हणाले. माझं पहिलं वाक्य तिथेच राहिलं.

बाहेर महादेवप्पांनी खुंटीवरून कोट काढला आणि मला दिला. इस्त्री केलेला, खिसा ताठ. मी बटण दोन बोटांत धरून ओढलं. जागचं हललं नाही.

"काय झालं, मॅडम?"

"काही नाही," मी म्हणाले. "हे स्वल्प सैल वाटतंय."

कोट अजून खुंटीवर आहे. यादीत सतरा नंबरपुढची चौकट कोरी आहे, फक्त आता तिच्यात चार ठिपके आहेत. शेवटचा माझा.